उंबऱ्यावरचे समर्थ

मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या शाळामास्तराने समर्थांच्या काव्यावर लिहावे, हा आगाऊपणाच. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्याने तो अधिकार येत नाही. परंतु फराळाचे ताट पुढे ओढता ओढता वाचकांनी माझे थोडे ऐकून घ्यावे. कारण ज्या कवितेविषयी लिहीत आहे, तिची मी पुष्कळ वर्षे हेटाळणी केली आहे.

साताऱ्याकडच्या आमच्या घरी तिन्हीसांजा दिवा लागला की वडील करुणाष्टके म्हणत. मला ती रडकी वाटत. समर्थ म्हटले की बलोपासना, सज्जनगड आणि मनाचे श्लोक! पुढे सांगलीस मास्तर झालो, तेव्हा त्या २०५ श्लोकांतले निवडक मुलांकडून घोकून घेई आणि खोडकर पोराला त्यांतलाच एखादा ऐकवी. छडीच्या जागी श्लोक, इतकाच काय तो फरक.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट. आमच्या घरात पाणी शिरले आणि तीन वर्षे लिहिलेल्या कादंबरीच्या वह्यांचा लगदा झाला. आम्ही एका शाळेत आसऱ्याला होतो. रात्री शेजारच्या सतरंजीवर एक म्हातारी करुणाष्टके म्हणत होती. मी वैतागून विचारले, “आजी, ह्यानं पाणी उतरणार आहे का?”

“पाण्यासाठी न्हवं ओ मास्तर,” ती म्हणाली, “मला झोप लागावी म्हणून म्हणते.”

आणि थोड्या वेळाने ती खरोखरच झोपली. मी जागा राहिलो, आणि तिने म्हटलेल्या ओळी प्रथमच कविता म्हणून मनात घोळवू लागलो.

मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. एक लघु, दोन गुरू, असे चरणात चार वेळा. ही चाल दमदार पावले टाकणाऱ्याची. त्याला वाट ठाऊक आहे. घरोघरी पहिल्याने म्हटले जाणारे करुणाष्टक मात्र मालिनीत आहे. आरंभी सहा लघू अक्षरे एकामागून एक धावतात आणि तीन गुरूंवर येऊन थबकतात; धापा टाकीत आलेल्या माणसाने उंबऱ्यावर टेकावे तशी. आणि हा माणूस सांगतो काय? तर आपले मन आपल्या ताब्यात राहत नाही, पश्चात्तापाने रोज जळतो आहे, तुझ्यावाचून शिणलो. मनाला इतके श्लोक समजावून सांगणाऱ्यानेच ही कबुली द्यावी! मग मनाचे श्लोक पुन्हा वाचले. तेथे संबोधन मनालाच आहे, हे शिकविताना मला कधी दिसले नव्हते. समर्थांनी छडी उगारली होती ती आधी स्वतःवर. मी ती पोरांवर चालविली.

सगळीच करुणाष्टके ह्या तोलाची नाहीत. काहींत तीच विनवणी शब्द बदलून येते आणि कान कंटाळतो. परंतु त्यांत लाचारी आहे, हा माझा जुना आक्षेप मी मागे घेतो. ह्या पहिल्या अष्टकात धन मागितलेले नाही. उलट स्वजन आणि धन ह्यांच्यापायी जन्म फुकट गेला, असेच म्हटले आहे. मागणे एकच, तू धावत ये. भरवसा ठेवला म्हणजे पूर येत नाही, असे ही कविता कोठेही म्हणत नाही. आपल्या हातून सारे होत नाही, एवढे ती मोकळेपणाने म्हणू देते, आणि आमच्यासारख्या अहंकारी माणसाला तेच मोठे अवघड.

पुरानंतर चाफळला गेलो होतो. तेथे राममंदिरासमोर हात जोडलेला दास मारुती आहे आणि मंदिरामागे प्रताप मारुती. दोन्ही स्थापना समर्थांच्याच. लहानपणी मी मागच्याकडे आधी धावत असे. ह्या खेपेस समोरच्यापाशी बराच वेळ बसलो. एस.टी. चुकली.

गेलेली कादंबरी आठवून आठवून पुन्हा लिहितो आहे. अजून निम्मीसुद्धा झालेली नाही.