वर्तुळाकार आर.एन.ए. आणि मेंदू-मेरुरज्जूची इजा : ‘स्पंज’ उपपत्तीची चिकित्सा

मार लागल्याने असो वा रक्तपुरवठा तुटल्याने असो, मेंदूला अगर मेरुरज्जूला इजा झाल्यानंतर तेथील ऊतीतल्या अनेक वर्तुळाकार आर.एन.ए. रेणूंचे प्रमाण बदलते, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातील राघू वेमुगंटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये उंदरांच्या मेंदूचा रक्तप्रवाह काही काळ अडवून असे फेरबदल नोंदविले. २०१८ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांच्या जखमी मेरुरज्जूविषयीही तशीच निरीक्षणे प्रसिद्ध झाली. मतभेद आहे तो या फेरबदलांचा अर्थ कोणता लावावयाचा याविषयी, आणि त्या बाबतीत या क्षेत्रातील बरेचसे लेखन घाईचे आहे असे म्हणणे भाग आहे.

हे रेणू मुळातच चमत्कारिक. जनुकाच्या प्रतीतील एखाद्या एक्सॉनचे शेवटचे टोक मागे वळून स्वतःच्याच, अथवा आधीच्या एखाद्या एक्सॉनच्या आरंभाला जोडले गेले म्हणजे वलय तयार होते. त्याला मोकळे टोक नसल्याने टोकापासून आर.एन.ए. कुरतडणाऱ्या विकरांची मात्रा त्यावर चालत नाही आणि ते पेशीत दीर्घकाळ टिकते. वनस्पतींना रोग जडविणारे व्हायरॉइड असे वलयाकार असतात हे १९७६ मध्ये, आणि मानवी पेशींच्या पेशीद्रवातही अशी वलये आढळतात हे १९७९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले. तरीही पुढील तीन दशके उच्चवर्गीय पेशींतील ही वलये म्हणजे जोडकामातील चूक, अशीच सामान्य समजूत होती.

२०१३ मध्ये चित्र पालटले. डेन्मार्क व बर्लिन येथील दोन गटांनी ‘सी.डी.आर.-१ ए.एस.’ नावाच्या वलयावर मायक्रो-आर.एन.ए.-७ या छोट्या रेणूला धरून ठेवणाऱ्या ७० हून अधिक जागा असल्याचे दाखविले. पाणी शोषणाऱ्या स्पंजाप्रमाणे हे वलय मायक्रो-आर.एन.ए. शोषून घेते आणि त्याच्या दडपणाखालील जनुके मोकळी करते, अशी उपपत्ती मांडली गेली. उपमा सुटसुटीत होती. तिचा तत्काळ साचा झाला. इजेनंतर वाढलेले अगर घटलेले वलय निवडावयाचे, संगणकाकडून त्याला जुळणारा मायक्रो-आर.एन.ए. विचारावयाचा, त्या मायक्रो-आर.एन.ए.चे लक्ष्य असलेले दाहाचे वा पेशीमृत्यूचे एखादे जनुक शोधावयाचे आणि तिघांना बाणांनी जोडावयाचे! परंतु ज्या आधारावर हा साचा उभा राहिला तो आधार अपवादात्मक होता. बार्टेल यांच्या गटाने २०१४ मध्ये हजारो वलयांची छाननी केली तेव्हा अशा जागांची एवढी दाटी जवळजवळ कोठेच आढळली नाही. एक-दोन जागांचे आणि पेशीत मोजक्याच संख्येने असणारे वलय हजारो मायक्रो-आर.एन.ए. रेणूंना कसे आवरणार, हा साधा हिशेबाचा प्रश्न पुष्कळ निबंधांत विचारलेलाच नसतो.

याहून अधिक बोलका पुरावा २०१७ मधील आहे. बर्लिनच्या गटाने ‘सी.डी.आर.-१ ए.एस.’ नसलेले उंदीर तयार केले. स्पंज काढून टाकला तर मायक्रो-आर.एन.ए.-७ मोकळा होऊन अधिक प्रभावी व्हावा, ही उपपत्तीची अपेक्षा. प्रत्यक्षात मेंदूतील त्याचे प्रमाण घटले आणि त्याने दडपलेली काही जनुके उलट वर आली. म्हणजे हे वलय शोषक नसून, निदान अंशतः, त्या रेणूचे रक्षण करणारे कोठार असावे. स्पंजाच्या सर्वोत्कृष्ट उदाहरणाचीच ही गत झाल्यावर बाकीच्यांविषयी किती निश्चयाने बोलावे?

इजेच्या अभ्यासात आणखी एक अडचण आहे, आणि ती सर्वांत गंभीर होय. वर्तुळाकार आर.एन.ए. चेतापेशींत, विशेषतः चेतासंधीशी संबंधित जनुकांपासून, विपुल प्रमाणात निर्माण होतात. चेतापेशी विभाजित होत नसल्याने ते तेथे साचतही जातात. मेरुरज्जू चिरडला गेला की चेतापेशी मरतात, ग्लिया पेशींची संख्या वाढते, रक्तातील भक्षक पेशी आत शिरतात. अशा वेळी संपूर्ण ऊतीचा अर्क काढून मोजणी केली आणि एखादे वलय निम्म्यावर आले, तर ते कोणत्याही पेशीत कमी झालेले नसून त्याची पेशीच नाहीशी झालेली असू शकते. ‘नियमन’ हा शब्द येथे वापरण्यापूर्वी पेशीनिहाय मोजणी हवी, आणि त्याच जनुकाच्या सरळ प्रतीशी तुलनाही हवी. वलयाचा बहुतेक मजकूर त्या सरळ प्रतीत असतोच. वेगळा असतो तो फक्त सांधा. त्यामुळे वलय दाबण्याच्या प्रयोगात मूळ जनुकही दाबले गेले नाही ना, याची खातरजमा अटळ ठरते.

या पार्श्वभूमीवर नान्जिंग येथील होंगहोंग याओ यांच्या गटाचे काम लक्षणीय वाटते. २०१८ मधील त्यांचे निबंध स्पंजाच्या साच्यातलेच होते. २०२० मध्ये मात्र त्यांनी ‘एस.सी.एम.एच.-१’ जनुकाचे वलय पेशीबाह्य पुटिकांत भरून पक्षाघात घडविलेल्या उंदरांना व माकडांना दिले आणि त्यांच्या हालचालींत सुधारणा झाल्याचे दाखविले. येथे वलयाचा संबंध मायक्रो-आर.एन.ए.शी नव्हे, तर ‘एम.ई.सी.पी.-२’ या जनुके दडपणाऱ्या प्रथिनाशी जोडलेला आहे. वलय बाहेरून दिल्याने होणारा परिणाम आणि पेशीतील त्याचे नैसर्गिक कार्य या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे खरे. पण प्रश्न निदान योग्य ठिकाणी विचारला गेला.

रक्तातील वलयांवरून डोक्याच्या दुखापतीची तीव्रता ओळखण्याच्या कल्पनेलाही हीच कसोटी लावावयास हवी. २०१५ मध्येच निरोगी माणसाच्या रक्तात हजारो वलये सापडली आहेत. तेव्हा रुग्णाच्या नमुन्यातील वलय मेंदूतून आले की रक्तपेशींतून, हे प्रथम ठरवावे लागेल. रेणू टिकाऊ आहे एवढ्यावरून त्याचे उगमस्थान कळत नाही.