घरीं परतलेला पांडुरंग

गेल्या वर्षीं दौंडचे एक गृहस्थ शिरूरला माझ्या घरीं आले. त्यांचा मुलगा पुण्याचें शिक्षण अर्धवट टाकून, मनाची घडी पार विसकटून परतला होता. औषधोपचारानें आतां सांवरत होता. त्याला वाचावयास काय द्यावें, असें त्यांनीं विचारलें. श्री. भालचंद्र नेमाडे यांची १९६३ सालीं प्रसिद्ध झालेली 'कोसला' माझ्या ओठांवर आली, आणि मी थबकलों.

या कादंबरीस वैफल्याची कहाणी म्हणण्याची आपल्याकडे वहिवाट पडली आहे. खानदेशांतील सांगवीचा पांडुरंग पुण्यास येतो, वसतिगृहांत पुढारीपण करतो, पैसे उधळतो, नापास होतो आणि खेड्यांत परत जातो. एवढ्यावरून टीकाकार निकाल देऊन मोकळे होतात. मला हा निकाल घाईचा वाटतो. पांडुरंगाला कोणता मनोविकार जडला, याचा शोध घेण्यांत अर्थ नाहीं. तें वैद्याचें काम. परंतु धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानें जाते, तीं पानें वाचावींत. जगाला 'वगैरे' म्हणून झटकून टाकणारा हा मुलगा तेथें अगदीं निराधार होतो. थट्टा हें त्याचें चिलखत. तें दुःखापुढें निकामी ठरतें. ग्रंथाचा कणा येथें आहे, महाविद्यालयीन गमतींत नव्हे. (आमच्या विद्यार्थ्यांना त्या गमतीच तेवढ्या पाठ असतात, हें अलाहिदा!)

आणखी एक गोष्ट. हें सर्व सांगणारा पांडुरंग पंचवीस वर्षांचा आहे, आणि परतल्यानंतर सांगत आहे. ज्याचें सर्वस्व बुडालें तो इतक्या बारकाईनें हिशेब मांडीत बसत नाहीं. बापाचा वचक, रिकामे दिवस, यांतून नवें आयुष्य उभें राहिलें असा दिलासा लेखक देत नाहीं. पण बोलणें सुरू झालें आहे. आमच्या भीमा-घोडनदीकांठच्या घरांत नेमकें हेंच बोलणें बंद केलें जातें. 'हवापालटासाठीं आला आहे' असें शेजाऱ्यांस सांगितलें कीं झालें!

उणीव आहेच. आई आपल्याला केवळ मुलाच्या डोळ्यांनीं दिसते. परतलेल्या मुलाची चिंता जिच्या वाट्यास येते, तिच्याविषयीं मला अधिक वाचावयाचें होतें.

पुस्तक मीं अखेर दिलें, पण मुलास नव्हे, वडिलांस. महिन्याभरानें तें परत आलें, तेव्हां पांडुरंगाच्या वडिलांविषयींच्या एका पानांत एसटीचें तिकीट खूण म्हणून राहून गेलें होतें.