४०९६ रंग, पण कड कुठे आहे?

तुमच्यापैकी काहीजण रत्नागिरीच्या कातळशिल्पांवर पीएच.डी. करायच्या तयारीत आहात. ड्रोन, थ्रीडी मॉडेल, सगळं हाताशी आहे. तरी आज जरा १९८६ सालच्या एका यंत्राकडे बघू या. नाव डिजी-व्ह्यू. न्यूटेक या अमेरिकन कंपनीनं ते कमोडोर अमिगा या घरगुती कॉम्प्युटरसाठी काढलं. चित्राचे आकडे कसे होतात, हे त्यात उघड उघड दिसतं.

कृष्णधवल व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा. भिंगापुढे लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरची चकती लावायची. एकेका फिल्टरमधून तेच चित्र वाचायचं, म्हणजे तीन वेळा. मग सॉफ्टवेअर तिन्ही जुळवून रंगीत चित्र बनवतं. कॅमेऱ्यात रंगाचा सिग्नल मुळात नसल्यामुळे चित्र स्वच्छ यायचं. युक्ती झकास आहे, यात वाद नाही. अट एकच, समोरचं काही हलता कामा नये. (कातळ हलत नाही हो, पण मध्येच ढग आला तर सावली बदलते!)

कौतुक होतं ते ४०९६ रंगांचं. माझी तक्रार इथेच आहे. अमिगाच्या 'हॅम' पद्धतीत एका पिक्सेलला फक्त ६ बिट मिळतात. त्यामुळे पिक्सेल एकतर ठरलेल्या १६ रंगांतला एक घेतो, नाहीतर डावीकडच्या शेजाऱ्याचा रंग उचलून त्यातला लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच घटक बदलतो. म्हणजे गडद रंगावरून थेट फिक्यावर जायचं असेल आणि तो फिका रंग त्या १६ मध्ये नसेल, तर तीन पिक्सेल लागतात. मधल्या दोघांचे रंग मूळ चित्रात कुठेच नसतात.

आता हिशेब करा. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे. त्याचा फोटो या कॅमेऱ्याखाली ठेवला आणि हत्ती ३२० पिक्सेलच्या पूर्ण रुंदीत बसवला, तर एक पिक्सेल सुमारे ५.६ सेंटिमीटरचा. तीन पिक्सेल म्हणजे जवळपास १७ सेंटिमीटर. समजा खोदलेली रेघ चार-पाच सेंटिमीटरची आहे. ती गेलीच, वर कडेला तांबूस झालर आली, आणि तुम्ही लिहून मोकळे की 'रंगाचे अवशेष आढळले'. रंग हजारो असले तरी मोजमापाला उपयोग शून्य.

जुनं यंत्र आहे म्हणून हसू नका. व्हॉट्सॲपवर आलेला जेपेग फोटोही बहुतेकदा रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईनं साठवतो, आणि चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडतो. डिजी-व्ह्यूची झालर निदान डोळ्यांना खुपते, जेपेगची सहसा खुपत नाही. म्हणून फोटो कुणाकडून घेतलात तर मूळ फाइल मागा; आणि प्रकरणात फोटोखाली एका पिक्सेलमागे किती सेंटिमीटर, ऊन कुठल्या बाजूनं आणि किती वाजताचं, हे लिहा. व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच येईल.