आरसा कुठपर्यंत दाखवतो?

मंडळी, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण चित्रकारालाही लागू आहे. महिनाभर एकाच चित्रासमोर उभं राहिलं की डोळा त्यातल्या चुकांशी जुळवून घेतो. चेहरा किंचित उजवीकडे कललेला असला तरी तो सरळच वाटू लागतो.

लिओनार्दो दा विंचीने यावर उपाय लिहून ठेवले आहेत. चित्र सपाट आरशात पाहा. अधूनमधून काम सोडून विसावा घ्या. लांब जाऊन पाहा, म्हणजे चित्र लहान दिसतं आणि प्रमाणातली गडबड एका नजरेत कळते. आरशात उजवीकडचा कल डावीकडे जातो, डोळ्याला त्याची सवय नसते, म्हणून तो लगेच खुपतो. जणू दुसऱ्याच कुणाचं तरी चित्र समोर आहे!

उपाय उत्तम आहेत, पण त्यांची मर्यादा बघा. 'बरोबर' म्हणजे काय हे आधी ठरलेलं असेल, तरच आरसा चूक दाखवतो. प्रमाण, तोल, रेखाटन इथवर त्याचा उपयोग. पण मी मुळात हे असंच चित्र का काढतोय, या प्रश्नावर आरसा गप्प बसतो.

आता कान्डिन्स्कीचं उदाहरण घ्या. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत तो म्युनिकमधला एक प्रसंग सांगतो. संध्याकाळच्या अंधुक उजेडात घरी आल्यावर त्याला एक विलक्षण सुंदर चित्र दिसलं. त्यात काय काढलंय ते कळेना, नुसते आकार आणि रंग. जवळ जाऊन पाहिलं तर त्याचंच चित्र, आडवं टेकवून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी उजेडात त्याने तोच अनुभव पुन्हा घेऊन पाहिला, तर तो अर्धामुर्धाच आला. आडव्या चित्रातही वस्तू ओळखू येत राहिल्या.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, परकेपणा हुकमी मिळत नाही. रोज आरसा पाहिला तर आरशाचीही सवय होते. दुसरी जास्त महत्त्वाची. दुसरा एखादा चित्रकार 'उजेडाचा खेळ' म्हणून दिवा लावून मोकळा झाला असता. कान्डिन्स्कीने मात्र निष्कर्ष काढला की वस्तूच आपल्या चित्रांना मारक ठरताहेत. म्हणजे आजवरची वाटच त्याने प्रश्नात टाकली.

ताजी नजर मागताना आपल्याला बहुतेकदा हवी असते फक्त डागडुजी. ती आरसा करून देईल. त्याहून मोठं काही दिसलं, तर ते मान्य करण्याची तयारी ज्याची त्यानेच ठेवायची असते.