‘द लास्ट माइल’ (१९३२) : देहदंडविरोध आणि निर्दोष नायकाची सोय

प्रस्तावना

मृत्युदंडावरील चित्रपटांचा विचार करताना समीक्षेचे लक्ष बहुधा मोठ्या निर्मितिसंस्थांच्या आणि नामवंत नटांच्या कलाकृतींकडे वळते. अल्प खर्चात, छोट्या स्वतंत्र कंपन्यांनी काढलेले चित्रपट मात्र दुर्लक्षित राहतात. सॅम्युएल बिशॉफ दिग्दर्शित ‘द लास्ट माइल’ हा १९३२ चा अमेरिकन चित्रपट या दुसऱ्या वर्गातील होय. शीर्षकातील ‘शेवटचा मैल’ म्हणजे कैद्याच्या कोठडीपासून विजेच्या खुर्चीपर्यंतचे अंतर. मूळ नाटकाचे चित्रपटात रूपांतर होताना झालेल्या एका महत्त्वाच्या बदलाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा बदल वरवर कथानकापुरता वाटला, तरी त्यामुळे देहदंडविरोधी भूमिकेचा पायाच सरकतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नाटकाचा उगम

जॉन वेक्सली यांचे याच नावाचे नाटक १९३० मध्ये ब्रॉडवेवर आले. टेक्सासमधील रॉबर्ट ब्लेक या कैद्याने देहदंडापूर्वी लिहिलेले टिपण त्याच्या मुळाशी होते. ब्लेकला १९२९ मध्ये मृत्युदंड देण्यात आला. नाटकात जॉन मिअर्स या बंडखोर कैद्याची भूमिका स्पेन्सर ट्रेसी यांनी केली आणि तिने त्यांच्यासाठी चित्रपटसृष्टीचे दार उघडले. नाटकातील रिचर्ड वॉल्टर्स हा कैदी पहिल्याच अंकाच्या अखेरीस खुर्चीकडे नेला जातो. त्याने गुन्हा केला की नाही, या प्रश्नावर नाटककार प्रेक्षकाला अडकवून ठेवत नाही. ठरलेल्या घटकेची वाट पाहत बसणे माणसाचे काय करते, हाच नाटकाचा विषय आहे.

पटकथेतील बदल

चित्रपटात वॉल्टर्सचे स्थान पालटते. पहिला मृत्यू बर्ग या दुसऱ्या कैद्याच्या वाट्याला येतो. वॉल्टर्स हा भागीदाराच्या खुनाबद्दल शिक्षा झालेला, परंतु निर्दोष असलेला तरुण म्हणून समोर येतो. त्याच्यावरील आळ खोटा असल्याचे प्रेक्षकाला कळते आणि अखेरीस त्याचे प्राण वाचतात. मिअर्स मात्र तुरुंगातील उठाव फसल्यावर स्वतःहून गोळ्यांच्या माऱ्यासमोर जातो. प्रेक्षक समाधानाने घरी जातो, कारण जो मरू नये असे त्याला वाटत होते तो वाचलेला असतो.

या समाधानातच चित्रपटाची मर्यादा आहे. निर्दोष माणसाला फाशी देऊ नये, याविषयी कोणाचे दुमत असणार? देहदंडाचा कट्टर समर्थकही ते मान्य करील. त्यामुळे ‘राज्यसंस्थेने माणूस मारावा काय?’ हा मूळ प्रश्न मागे पडतो आणि ‘राज्यसंस्थेने योग्य माणूस निवडला काय?’ हा सोपा प्रश्न पुढे येतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीतिविचाराला द्यावे लागते. दुसऱ्याचे उत्तर तपासयंत्रणा देऊ शकते.

मिअर्स : न सुटलेला प्रश्न

तथापि चित्रपटाला केवळ तडजोडीचा नमुना म्हणणे अन्यायाचे ठरेल. प्रेस्टन फॉस्टर यांनी साकारलेला मिअर्स पटकथेच्या या सोयीत बसत नाही. तो खुनी आहे आणि त्याविषयी संदिग्धता नाही. गजांमधून हात घालून तो पहारेकऱ्याला पकडतो, किल्ल्या मिळवतो, पहारेकऱ्यांना ओलीस ठेवतो आणि ड्रेक या पहारेकऱ्याचा जीव घेतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मुदत ठरवणे, ती समोरच्याला सांगणे, त्याला वाट पाहायला लावणे आणि मग मारणे ही पद्धत मिअर्सने तुरुंगाकडूनच घेतलेली आहे. ड्रेकची गयावया पाहताना प्रेक्षकाला जी शिसारी येते, ती बर्गच्या मृत्यूपर्यंत उलट नेली, तर चित्रपटातील खरा युक्तिवाद हाती लागतो. तो निर्दोष वॉल्टर्सवर उभा नसून दोषी मिअर्सवर उभा आहे.

अल्प खर्चाचा येथे लाभच झालेला दिसतो. काही प्रसंग वगळता सारी कथा कोठड्यांच्या एका रांगेत घडते. कैदी गजांआडून शेजाऱ्याशी बोलतात. प्रशस्त नेपथ्य उपलब्ध असते, तर ही कोंडी कदाचित पातळ झाली असती.

चित्रपटाच्या आरंभी सिंग सिंग तुरुंगाचे वॉर्डन लुईस लॉज यांचे निवेदन येते. १९२० ते १९४१ या कालखंडात ते त्या पदावर होते. आपल्या देखरेखीखाली अनेक देहदंड अमलात आणावे लागलेला हा अधिकारी देहदंडाचा जाहीर विरोधक होता. त्यांचा विरोध केवळ निर्दोषांपुरता नव्हता. म्हणजे निवेदन एका भूमिकेच्या माणसाचे आणि शेवट दुसऱ्या भूमिकेचा, अशी विसंगती चित्रपटात राहून जाते.

निर्दोषत्वाच्या युक्तिवादाचे बळ

यावर एक आक्षेप संभवतो. व्यवहारात निर्दोषत्वाचाच मुद्दा परिणामकारक ठरला आहे. इलिनॉय राज्यात १९७७ नंतर १२ जणांना मृत्युदंड दिला गेला. त्याच काळात मृत्युदंड झालेले १३ जण पुढे दोषमुक्त ठरले. त्यामुळे गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी जानेवारी २००० मध्ये अंमलबजावणी थांबवली. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु जानेवारी २००३ मध्ये रायन यांनी १६७ कैद्यांचा मृत्युदंड कमी केला, तेव्हा ‘हा दोषी, हा निर्दोष’ अशी निवड केली नाही. २०११ मध्ये त्या राज्याने ही शिक्षाच रद्द केली. निर्दोषत्वाच्या मुद्द्याने दार उघडले हे खरे. पण त्या दारातून मिअर्ससारख्यांनाही बाहेर काढावे लागले. उलट, हा मुद्दा एकटाच टेकू म्हणून राहिला, तर पुरावा निर्विवाद असलेल्या प्रत्येक प्रकरणात देहदंडविरोधकाला गप्प बसावे लागेल.

निष्कर्ष

‘द लास्ट माइल’ने वॉल्टर्सला वाचवून प्रेक्षकाची सुटका केली आणि मिअर्सला मरू देऊन प्रश्नाची सुटका टाळली. पहिली गोष्ट हेतुपुरस्सर आहे, दुसरी कदाचित अनवधानाने घडली असेल. परंतु चित्रपटाचे आजचे मोल दुसऱ्या गोष्टीतच आहे. देहदंडविषयक कोणत्याही कलाकृतीचे मूल्यमापन करताना ती आपल्याला कोणाविषयी सहानुभूती बाळगायला सांगते, हे तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते. निरपराध्याविषयी कळवळा वाटणे स्वाभाविक आहे. अपराध्याचा जीव घेण्याचा अधिकार समाजाला आहे काय, याचे उत्तर मात्र केवळ त्या कळवळ्यातून मिळत नाही.