तास आणि धुरा

सोयाबीन वीतभर उंच झालं, की चिखलीच्या शिवारात तण काढायचे डवरे निघतात. किती काम उरलं, असं विचारलं तर उत्तर येतं, "अजून दहा तास आहेत." नवख्याला वाटावं, हा माणूस आता रात्रीपर्यंत राबणार. पण हे तास घड्याळातले नव्हेत. या धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या कडेपासून, त्या धुऱ्यापर्यंत औताची जी सरळ रेघ जाते, तो तास. काळाचं माप आणि कष्टाचं माप मराठीनं एकाच शब्दात सांभाळलं. या शब्दाची गोडी मला दरवर्षी डवरणीतच नव्यानं कळते.

सोयाबीनच्या दोन ओळींत जेमतेम 45 सेंटिमीटर जागा. त्यातून डवरा न्यायचा. हात चार बोटं ढळला, की तणाबरोबर पीकही गेलं. म्हणून तास चालू असताना बोलणं आपोआप थांबतं. बैलांच्या तोंडाला मुसक्या असतात. हिरवा पाला नाकाशी असूनही त्यांना मान खाली घालता येत नाही. मोह दूर ठेवायची व्यवस्था तास धरण्याआधीच झालेली असते.

मग धुरा येतो. डवऱ्याची मूठ, म्हणजे रुमणं, उचललं जातं, पाशीला, म्हणजे पात्याला, अडकलेलं गवत हातानं काढलं जातं, बैल वळतात आणि दम टाकतात. औत हाकणारा क्षणभर मागे पाहतो. मुळं वर करून पडलेलं तण, मोकळी झालेली काळी माती, दोन्ही बाजूंना सुखरूप उभी रोपं. हे पाहणं हीच त्याची विश्रांती. छंदात चरणाच्या मध्ये यति येतो, तसा हा धुरा. यतीपाशी कविता थांबत नाही. पुढच्या शब्दांसाठी श्वास घेते.

घड्याळातल्या वेळेलाही असे तुकडे पाडता येतात. आपल्या जुन्या कालगणनेत दिवसरात्रीच्या साठ घटका. तळाला बारीक छिद्र असलेलं तांब्याचं पात्र पाण्यावर सोडायचं. ते भरून बुडालं की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्यानं टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ समोर ठेवून अभ्यास सुरू केला. त्यातून घडलेल्या पोमोडोरो पद्धतीत 25 मिनिटं काम, पाच मिनिटं विसावा आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती. त्यातला कामाचा वेळ आपल्या घटकेहून अवघं एक मिनिट मोठा!

आज अभ्यासिकांतली मुलं याच मापानं मोबाईलवर वेळ लावून बसतात. पंचवीस मिनिटं नेटानं वाचतात. पण गजर झाला, की त्याच मोबाईलमध्ये शिरतात, आणि पाच मिनिटांनी डोळे पुस्तकावर आले तरी मन आलेलं नसतं. त्यांना मला धुरा दाखवावासा वाटतो. धुरा शेताच्या कडेला असतो, पण शेतातच असतो. तिथं बैल जू उतरवून गावाकडे जात नाहीत. उठावं, पाणी प्यावं, खिडकीबाहेर नजर टाकावी आणि वाचलेलं पान मनात एकदा मागे वळून पाहावं. पाशीचं गवत तेवढ्यात निघतं.

सरळ तासाची किमया हातात आहे, तशी वळणातही आहे. वळताना बैल जिथं उभे राहतात, तिथूनच पुढचा तास सुरू होतो.