अनेक देशांचे मृत्यूदर एका फंक्शनने: सोय आणि सावधगिरी

अनेक देशांच्या मृत्यूदरांची तुलना करायची तर एरवी प्रत्येक देशाची फाइल वेगळी उतरवावी लागते आणि मग त्या एकमेकींना जोडाव्या लागतात. आर भाषेतील ‘मॉर्टॅलिटी लॉज’ या पॅकेजमधले ‘रीड एचएमडी’ हे फंक्शन हे काम एका आज्ञेत करते. कोणती आकडेवारी हवी, कोणत्या देशांची, वय आणि वर्ष यांचे गट केवढे, आणि तुमचे सदस्यनाव व पासवर्ड, एवढे सांगितले की सर्व देशांची एकच सारणी हाती येते. आकडे येतात ते ‘ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेस’मधून. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि जर्मनीतील रोस्टॉकची माक्स प्लांक संस्था यांनी तो उभारला आणि 2002 मध्ये सर्वांसाठी खुला केला.

या फंक्शनचा गुण उघड आहे: नक्कल-चिकटवणीतल्या चुका टळतात. दोष मात्र त्याच गुणात दडलेला आहे. सारणी एकसंध दिसते, म्हणून आतली माहितीही एकसारखी असेल असे आपण गृहीत धरतो.

एक प्रयोग मनात करून पाहा. देशांची यादी रिकामी सोडली तर फंक्शन सगळेच आणते. आता दर वर्षाची सरासरी काढून आलेख काढा. स्वीडनची नोंद 1751 पासून आहे आणि फ्रान्सची 1816 पासून. म्हणजे मधल्या काळातली तुमची ‘जगाची सरासरी’ एकट्या स्वीडनची आहे. अमेरिका 1933 मध्ये येते, जपान 1947 मध्ये, रशिया आणि युक्रेन 1959 मध्ये. रेषा वर-खाली होईल तेव्हा ती माणसांच्या आरोग्यामुळे झाली की यादीत नवे देश आल्यामुळे, हे आलेख पाहून कळणार नाही. बेल्जियमची 1914 ते 1918 ही वर्षे तर मुळातच नाहीत.

दुसरी अडचण दुहेरी मोजणीची. या संग्रहात संपूर्ण जर्मनी आहे, शिवाय पूर्व आणि पश्चिम जर्मनी वेगळ्या आहेत. ब्रिटनसोबत स्कॉटलंडही स्वतंत्र आहे. फ्रान्सची एक मालिका सर्व लोकसंख्येची, तर दुसरी फक्त नागरी लोकसंख्येची आहे. महायुद्धांच्या वर्षांत या दोन मालिकांत मोठे अंतर पडते. तुम्ही निवड केली नाही, तर तीच माणसे दोनदा मोजली जातात.

तिसरी गोष्ट वयाची. फंक्शनने दिलेले मृत्यूदर कच्चे असतात, तर त्याच संग्रहातील जीवनसारण्यांत वृद्धांचे दर गणिती पद्धतीने सपाट केलेले असतात. शंभरीपलीकडे माणसे इतकी थोडी असतात, की एका-दोघांच्या मृत्यूनेही कच्चा दर उसळतो. या उसळीला निष्कर्ष समजू नका.

म्हणून विश्लेषणाआधी चार कामे करा. प्रत्येक देशाचे पहिले आणि शेवटचे वर्ष काढून पाहा. एकमेकांत मिसळणारे प्रदेश वगळा. सर्वांना समान असा कालखंड निवडा. आकडे अधूनमधून सुधारले जातात, म्हणून उतरवलेली प्रत तारखेसह जपून ठेवा. आणि पासवर्ड प्रोग्राममध्ये लिहून तो प्रोग्राम कोणाला देऊ नका.

शेवटी यादीत भारत शोधा. सापडणार नाही. आफ्रिकेतला एकही देश सापडणार नाही. जिथे मृत्यूंची नोंदणी आणि जनगणना जवळजवळ परिपूर्ण आहे, त्यांनाच येथे जागा आहे. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा आहे, तरी देशपातळीवरचे मृत्यूदर बराच काळ नमुना नोंदणी योजनेच्या आधारे सांगितले गेले. हा निकष संग्रहाच्या विश्वासार्हतेसाठी योग्यच आहे. पण त्यामुळे ज्यांचे मृत्यू नीट नोंदले जात नाहीत, ते लोक तुमच्या सारणीत येतच नाहीत. तेव्हा अहवालात ‘माणसाचे आयुष्य वाढले’ असे लिहू नका. कोणत्या देशांतल्या माणसांचे वाढले, ते लिहा. फंक्शन चूक दाखवणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते.